रंगूतात्यांची दाढ

रंगूतात्या कुणालाही वय विचारत नाहीत. ते "आ करा" म्हणतात.

दहा वर्षांपूर्वी बदली होऊन मी घोडेगावच्या शाळेत आले, तात्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पहिल्याच संध्याकाळी विरजण मागायला त्यांच्या दारात उभी राहिले. ओट्यावर बसलेल्या या गृहस्थांनी माझं नाव-गाव न विचारता चष्मा धोतराला पुसला आणि म्हणाले, "बाई, आ करा." आवाजात असा काही हक्क होता की मी आ केला. "पस्तिशी झाली, चाळिशी न्हाई. आन् डावीकडनं चावत न्हाई तुमी." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग त्यांनी आत हाक मारून विरजण द्यायला सांगितलं.

तात्यांनी चाळीस वर्षं इथल्या गुरांच्या बाजारात दलाली केली. बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं. दुधाचे दात असतील तर तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे दात आले की जुळलेला. मालक काहीही शपथा घेवो, तात्या बैलाचा खालचा ओठ ओढून आत एक नजर टाकत आणि निकाल देत. दात झिजलेलं म्हातारं जनावर पुढे आलं तर निकाल चार शब्दांचा असे. "दात गेलेत. बाद. न्या." घरी जेवताना बाजाराच्या गोष्टी सांगायचे, त्यातही हे वाक्य दोन-तीनदा यायचं.

मुलगी बघायला आलेल्या जावयालाही त्यांनी आ करायला लावला होता. मुलाकडच्यांनी वय दोन वर्षांनी कमी सांगितलंय, हे त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं आणि वर लग्न ठरवलंही. तो जावई आजही दिवाळीला आला की शक्यतो तोंड मिटून बसतो.

तात्यांच्या बायकोबद्दल, म्हणजे हौसाकाकींबद्दल, तात्या फार कमी बोलत. बोलले तर एकच कौतुक. "आमची खानदानी हाय. हसली तरी तोंडाला पदर. आजकालच्या बाया बघा, निसत्या दात काढत्यात." हे ते माझ्याकडे बघून म्हणत. मी दुर्लक्ष करत असे.

गेल्या वर्षी तात्यांची उजवी दाढ दुखायला लागली. आधी त्यांनी लवंग धरली, मग तंबाखू धरली, मग गाल धरून बसले. शेवटी एका शनिवारी मी त्यांना एस्टीत घातलं आणि नगरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खुर्चीवर बसवल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा, आजोबा." तात्यांनी मागे वळून पाहिलं. हे वाक्य आपल्यालाही कुणी म्हणू शकतं, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

दाढ निघाली. जागेवर कापसाचा बोळा बसला आणि घरी काय काळजी घ्यायची त्याचा छापील कागद हातात मिळाला. परतीच्या एस्टीत मी तो वाचून दाखवला. आयुष्यभर तोंडी व्यवहार केलेल्या माणसाला छापील अक्षराची जी धास्ती असते ती तात्यांच्या चेहऱ्यावर मला दिसली. मला वाटलं, बरंच झालं. ते माझं चुकलं.

कागदावर होतं, बोळा तासभर दाबून धरा आणि फार बोलू नका. बोळा मी वेळेवर काढायला लावला, पण तात्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अक्षर बोलले नाहीत. मधेच वडाळ्याचा एक शेतकरी बैलाची जोडी घ्यायची म्हणून सल्ला विचारायला आला. तात्यांनी त्याच्या हातावर आपलं उपरणं टाकलं. जुन्या बाजारात भाव असाच ठरायचा, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे तिसऱ्याला आकडा कळत नाही. पटेना तर हात काढून घ्यायचा, की सौदा मोडला. तो शेतकरी दहा मिनिटं उपरण्याखाली हात घालून बसला आणि समाधानाने गेला. मी चौकशीला गेले तर माझ्याही हातावर उपरणं आलं. माझी दोन बोटं दाबली गेली. मी म्हटलं, "तात्या, मला हे समजत नाही." त्यांनी निराशेने हात काढून घेतला.

कागदावर होतं, चोवीस तास थुंकू नये. चाळीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाने ते पाळलं, आणि आपल्या ओट्यासमोरून जाणाऱ्या इतरांनाही पाळायला लावलं. दुसऱ्या दिवशी वाचा फुटल्यावर एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी थांबवून सांगितलं, "हितं न्हाई. कागद हाय." कागद त्यांनी गोठ्याच्या खांबाला खिळ्याने ठोकला होता.

कागदावर होतं, नळीने काही पिऊ नये. तात्यांनी जन्मात नळीने काही प्यायलं नव्हतं. तरी ते हायवेवरच्या रसवंतीवर मुद्दाम चालत गेले आणि चार लोकांत म्हणाले, "नळी नको. मला मनाई हाय." कागदावर थंड आणि मऊ पदार्थांत आइस्क्रीमही लिहिलं होतं. ते तात्या सकाळ-संध्याकाळ औषधासारखं तोंड वाकडं करून खात. मी दिसले की म्हणत, "मला काय हौस न्हाई बाई. कागदावर हाय."

मिठाच्या कोमट पाण्याने चुळा मात्र फार हळू भरायच्या होत्या. ज्या माणसाच्या हाकेने बाजारातल्या म्हशी बिचकायच्या, तो परसात पेरूच्या झाडाखाली वाकून तोंडातलं पाणी आपोआप गळू देत उभा असे. जेवणानंतर प्रत्येक वेळी, अगदी आठवडाभर.

खरी गोष्ट घडली ती तिसऱ्या दिवशी. कागदावर होतं, मऊ आहार घ्यावा. तात्यांना वाटलं होतं, बायको कटकट करील. पण तासाभरात ताट आलं. गुरगुट्या भात, घोटून घोटून एकजीव केलेली मुगाची आमटी, दुधात भिजवून कुसकरलेली भाकरी, उकडलेला बटाटा मोडून वर तूप. शेंगदाण्याचं कूटसुद्धा वस्त्रगाळ. तात्या पोटभर जेवले आणि सहज म्हणाले, "इतकं मऊ कसं गं जमलं तुला?"

काकी म्हणाल्या, "मी रोज आसंच खाते की. चार वर्सं झाली."

हे मला तात्यांनीच येऊन सांगितलं. आमच्या मधल्या बुटक्या भिंतीवर हात ठेवून ते म्हणाले, "बाई, तुमाला ठावं हुतं?"

मला ठाऊक होतं. सगळ्या आळीला होतं. संक्रांतीच्या वाणातला ऊस आणि बोरं काकी माझ्या पिशवीत टाकायच्या, ती काही माझ्यावरच्या मायेने नव्हे. पण तात्यांनी कसं पाहावं? काकी जेवायच्या तात्यांचं उरकल्यावर, चुलीकडे तोंड करून. आणि उरलेल्या वेळी तोंडाला पदर. मी मान डोलावली आणि मला माझीच लाज वाटली. नऊ वर्षं मी या घरचं विरजण नेत होते, आणि एकदाही म्हणाले नव्हते की काकी, चला नगरला.

"लाखभर तोंडं बघितली आसतील म्या," तात्या म्हणाले आणि घरात गेले.

मग सुरू झाली ती मोहीम. तात्या रोज सकाळी म्हणत, "आगं, आ कर." काकी पदर घट्ट धरून म्हणत, "काय बघायचं ऱ्हायलंय आता?" ज्यांच्यापुढे नगर जिल्ह्यातला एकेक मारका बैल ओठ सोडून उभा राहिला, त्यांना घरातलं हे एक तोंड उघडेना. आठवडाभराने त्यांनी मला मध्यस्थीला बोलावलं. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा हिला. हिला नगरला न्यायचीय. कवळी बशिवत्यात म्हनं."

मी कवळीबद्दल दोन वाक्यं सांगितली. काकींनी ऐकून घेतली. मग तात्यांकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमीच म्हनता न्हवं का, दात गेले की बाद. चाळीस वर्सं आयकते. मंग कशाला दाखवू?"

तात्या काकींसमोर जमिनीवर उकिडवे बसले, चष्मा काढला आणि मोठा आ केला. उजवीकडे बोट घालून गाल ओढून धरला. "हे बघ. माजी बी गेली. घातलंस का मला बाजारात?"

काकी वाकून नीट बघायला लागल्या. बराच वेळ बघितलं. मग त्यांना हसू आलं, आणि हसताना पदर खाली गेला तो तसाच राहिला. तात्या बघत राहिले. या खेपेला त्यांनी निकाल दिला नाही.

काकींच्या तोंडात तीन दात आणि काही मुळं उरली होती. नगरच्या पहिल्या खेपेला त्यातली काही काढली, बाकीची पुढच्या वेळी आणि जखमा भरल्यावर कवळी असं ठरलं. दवाखान्यातून आल्या त्या दुपारी मी चौकशीला गेले. खांबावर जुन्या कागदाशेजारी नवा कागद ठोकलेला होता. दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसली होती. काकींच्या तोंडात बोळा होता. तात्यांना कुणी बोलायची मनाई केली नव्हती, तरी तेही गप्प होते. दोघांच्या मधे उपरणं पसरलेलं होतं आणि त्याखाली दोघांचे हात होते. भरदुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसमोर.

मी हळू आवाजात विचारलं, "तात्या, काकींना कळतं का हे बोटांचं?"

"काईच कळत न्हाई तिला," तात्या तितक्याच हळू म्हणाले. "पन मघाधरनं हात काढून घेईना."