बैठकीच्या खोलीतील शेवाळाबाबत

पाणी, उजेड आणि कौतुक या तीन गोष्टी जिथे एकत्र नांदतात, तिथे शेवाळ येतंच. आमच्या भाऊजींना हे उशिरा कळलं, पण त्यात त्यांचा दोष नाही. आवक-जावक विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाला, एखादी गोष्ट अर्ज न करता घरात शिरते, हे पटायला जडच जातं.

निवृत्तीनंतर त्यांनी बैठकीच्या खोलीत माशांची, खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. आत खडक, पांढरी वाळू, वर निळसर दिवा. पहिला महिना काच इतकी नितळ होती की ताईच्या सासूबाई तिच्यात बघून केस सारखे करायच्या. दुसऱ्या महिन्यात खडकावर हिरवा ठिपका उमटला. भाऊजींच्या मते तो 'प्राथमिक स्वरूपाचा' होता. आठवड्याभरात प्राथमिक स्वरूपाला केस फुटले.

भाऊजी डगमगले नाहीत. त्यांनी नोंदवही सुरू केली. रोज सकाळी काचेला फुटपट्टी लावून शेवाळाची लांबी लिहायची. (शेवाळ डोलतं, म्हणून 'सरासरी लांबी' असा वेगळा रकाना पाडावा लागला.) मग जुन्या ब्रशने खडक घासले. ब्रश जुना नव्हता, माझ्या भाचीचा होता, हे तिला दात घासताना कळलं. त्यानंतर बारा गोगलगायींची नेमणूक झाली. त्यांतल्या नऊ जणी काचेच्या वरच्या कडेला जाऊन बसल्या आणि तिथून कामाची पाहणी करू लागल्या. भाऊजींना राग आला नाही. तसे वरिष्ठ त्यांनी पाहिले होते. शेवाळ खाण्यात तरबेज म्हणून एक मासाही रुजू करून घेतला.

शेवटी तीन दिवसांचा संपूर्ण अंधार जाहीर झाला. टाकीवर चादरी, आणि फटीतून उजेड जाऊ नये म्हणून खोलीतला दिवाही बंद. घर चाचपडत जेवलं. सासूबाईंचा गुडघा तिपाईवर आपटला. (नोंद: किरकोळ हानी.) चौथ्या दिवशी चादरी काढल्या, तेव्हा शेवाळ विश्रांती घेतल्यासारखं टवटवीत दिसत होतं.

या काळात घरातल्या बोलण्यापैकी ऐंशी टक्के शेवाळाविषयी होतं, पंधरा टक्के पाण्याविषयी, आणि उरलेलं 'जेवायला चला' एवढंच. मी आजारी होतो, तेव्हा भाऊजी मला बघायला आले आणि माझ्या जिभेकडे पाहून म्हणाले, "रंग ठीक आहे."

मग त्यांनी शेवाळाचा समूळ नाश करणारी बाटली आणली. रविवारी सकाळी दहाला ओतायची ठरली. सगळे टाकीभोवती जमले, मलाही साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. भाऊजींनी खबरदारी म्हणून मासेवाल्या दुकानदाराला स्पीकरवर फोन लावला.

"साहेब, औषध कडक आहे. आधी मासे बादलीत काढा," तो म्हणाला. "किती आहेत?"

भाऊजींनी नोंदवही उघडली. तीत चार महिन्यांचं शेवाळ होतं. मासे नव्हते.

"तीन," ताई म्हणाली.

"चार," सासूबाई म्हणाल्या.

"पाच होते ना?" भाची म्हणाली.

"मग खायला कोण घालतं?" दुकानदाराने विचारलं.



"सकाळी मी घालते, चिमूटभर," ताई म्हणाली. "तुम्ही त्यांना अंधारात कोंडलं होतं, मला बघवेना."

"दुपारी मी," सासूबाई म्हणाल्या. "आपण जेवायचं आणि त्यांनी तोंडाकडे बघायचं?"

"कॉलेजातून आले की मी," भाची म्हणाली.

भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "संध्याकाळची चिमूट माझी. ती अधिकृत."

"साहेब," दुकानदार म्हणाला, "चार वेळा पंगत उठतेय तुमच्याकडे. उरलंसुरलं सगळं शेवाळाच्या पोटात जातंय. बाटली ठेवा बाजूला."

भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि विजेरी घेऊन मोजू लागले. एक. दोन. तिसरा, म्हणजे शेवाळ खाण्यासाठी नेमलेला, खोबणीत पोट सावरत पडला होता. त्याला कामाची गरजच उरली नव्हती. चौथा कितीतरी वेळ सापडेना. मग खडकामागे, शेवाळाच्या गुंत्यात, बोटाएवढं काहीतरी हललं. कल्ले जेमतेम उघडमीट करत होते.

भाऊजींनी बाही न सारता हात आत घातला. एकेक धागा सोडवायला बराच वेळ लागला.

"अरे," ते हळूच म्हणाले, "रोज समोर बसत होतो मी. दिसलाच नाहीस."

त्या दिवसापासून खाण्याचा डबा ताईच्या ताब्यात गेला. दिवसातून एकदा, एकच चिमूट. तिसरा मासा चौथ्या दिवशी नाइलाजाने कामावर हजर झाला. दीड महिन्यात खडक उघडे पडले. बाटली परत गेली. पाहुणे आता पाण्याची वाहवा करतात आणि भाऊजी ती विनम्रपणे स्वीकारतात.

ही हकिगत मी बऱ्याच जणांना सांगितली. सगळे हसले, आणि सगळ्यांनी विचारलं, शेवाळ परत तर आलं नाही ना? नाही आलं. आणि तो चौथा मासाही मजेत आहे. हे मी मघाशीच सांगणार होतो. तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो.