माणूस, माशी आणि मासा

बायकोच्या घेवड्यावर मावा पडला आणि दुकानदाराने ठरवलं, या खेपेला औषध विचार करून मारायचं. तिथेच घोळ झाला. बावीस वर्षं त्याने शेतीची औषधं विचार न करता विकली, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. (निदान परत येऊन कुणी तसं सांगितलं नव्हतं.)

विचार करायला कारणही तसंच होतं. परसाच्या कुंपणापलीकडे सासऱ्यांच्या सहा मधपेट्या होत्या. सासूबाई गेल्यापासून म्हाताऱ्याला जीव लावायला दुसरं काही उरलं नव्हतं. सकाळी चहाचा कप घेऊन ते पेट्यांपाशी बसत, तो कप दुपारी जेवायला उठताना आत येई. आणि घेवडा ऐन फुलात होता. मधमाश्या दिवसभर त्यावर पडीक.

दुकानदाराने तीन औषधांची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली, चष्मा चढवला आणि बायकोला समोर बसवलं.

"हे पहिलं जुनं. मावा सपाट. पण फवारणाऱ्याच्या अंगात भिनतं. डोकं गरगरतं, हात थरथरतात."

"मग नको. फवारणार तुम्हीच ना?"

(ती क्षणभर थांबून म्हणाली, हे त्याच्या लक्षात आलं.)

"दुसरं नवीन. माणसाला त्रास कमी. पण फुलात आठ-दहा दिवस टिकतं. माशी बसली की संपली."

"आणि तिसरं?"

"तिसरं वाळलं की माशीला काही करत नाही. संध्याकाळी माश्या घरी गेल्यावर मारायचं, सकाळपर्यंत वाळतं. फक्त पाण्यात उतरलं तर मासे मरतात."

बायकोने खिडकीतून हौदातल्या आपल्या माशांकडे पाहिलं.

"म्हणजे माणूस, माशी आणि मासा, यांतलं कोण मरायचं ते आपण जेवायच्या टेबलावर ठरवायचं?"

"यालाच अभ्यास म्हणतात."

"साबणाचं पाणी मारलं तर? माझी आई तेच मारायची."

दुकानदाराने चष्मा काढला. "बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवणारा माणूस स्वतःच्या घेवड्यावर साबणाचं पाणी मारणार? उद्या गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

आठ दिवस अभ्यास चालला. वारा कुठून वाहतो हे तो धागा टांगून बघे. हौदावर घालायला ताडपत्री आणली. शेवटी तिसऱ्यावर शिक्कामोर्तब झालं. इतका जबाबदार दुकानदार आसपास दुसरा नसेल, असं त्याचं मत झालं आणि ते त्याने चार गिऱ्हाइकांना ऐकवलंही.

आता तिसऱ्या औषधाची चांगली, सीलबंद बाटली फळीवरून उचलून घरी न्यायची, एवढंच काम उरलं होतं. पण बाजारपेठेत दुकान थाटून बसलेल्या माणसाचा हात विकाऊ मालाकडे घरासाठी वळत नाही. त्याच्या घरी खत यायचं ते फाटक्या पोत्यातलं, डबा यायचा तो चेपलेला. गळक्या खोक्यातल्या, लेबलं भिजून गेलेल्या तीन बाटल्या मागच्या खोलीत होत्याच. त्याने एकीचं झाकण उघडलं, नाकाशी धरलं आणि स्वतःशीच म्हणाला, "तिसरंच!"

संध्याकाळी हौद झाकून, तोंडाला फडकं बांधून त्याने नियमात फवारणी केली. कुंपणापलीकडून सासरे म्हणाले, "जावईबापू, काळजी नाही ना?"

"बाबा, आठ दिवस अभ्यास केलाय."

"मग झालं तर."

तिसऱ्या दिवशी पेट्यांसमोरची जमीन काळी दिसू लागली. काही माश्या पाय झाडत गोल गोल फिरत होत्या. सासरे कागदावर मूठभर माश्या घेऊन आले आणि कागद त्यांनी टेबलावर अलगद ठेवला, जोरात ठेवला तर त्यांना लागेल अशा बेताने.

"तुम्ही या धंद्यातले. कशाने झालं असेल?"

दुकानदाराने घसा खाकरला. "हवा बदलली की माश्यांमध्ये साथ येते, बाबा. आणि पलीकडच्या मळ्यात काय मारतात कुणाला ठाऊक? लोक लेबल वाचतच नाहीत…"

बायको उठली. ज्या पिशवीतून बाटली आली होती, तिच्या तळाशी चिकटलेला ओला कागद तिने सोलून काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर माशीचं चित्र होतं आणि माशीवर फुली. ते दुसरं औषध होतं.

"अहो, वाचा ना," ती म्हणाली. "लोक वाचत नाहीत म्हणता, तुम्ही तरी वाचा."

सासऱ्यांनी त्या फुलीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी माश्यांच्या कागदाची पुडी बांधली.

"ओरडा तरी, बाबा," दुकानदार म्हणाला.

"ओरडून काय? राणीमाशीला ऐकू जाणार आहे?"

सहाही पेट्या महिन्याभरात रिकाम्या झाल्या. त्यानंतर एका सकाळी सासरे स्वतःची खुर्ची घेऊन दुकानात हजर झाले. "घरी बसवत नाही," ते म्हणाले. "कानाला आवाजाची सवय होती." आणि गल्ल्याशेजारी बसले.

तेव्हापासून ते रोज येतात. कुणी बाटली मागितली की विचारतात, शेजारी काय आहे, पाणी किती लांब, पिकाला फूल आहे का. बारीक अक्षरातलं लेबल मोठ्याने वाचून दाखवतात. निम्म्या लोकांना "साबणाचं पाणी मारून बघा आधी" म्हणून परत पाठवतात. जावयाची गोष्टही सांगतात, अगदी शांतपणे, एक शब्द न वाढवता. दुकानदार त्या वेळी मागच्या खोलीत खोकी रचत असतो.

परवा एक अनोळखी शेतकरी आला. सासरे चहाला गेले होते. दुकानदार लगबगीने पुढे झाला. "बोला, कोणतं औषध देऊ? सगळ्याचा अभ्यास आहे."

शेतकऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि रिकाम्या खुर्चीशेजारी बूड टेकलं.

"तुम्ही असू द्या," तो म्हणाला. "ज्यांच्या माश्या मेल्या, त्यांनाच विचारीन."