झिपरू आबांचा हात आणि बॅटरीची गाडी

"या आखाजीला माझी सुनंदा फाट्यावरून पायी आली, तर नाव हिलाल मास्तर लावणार नाही!"

त्र्याण्णव सालच्या चैत्रात हिलाल नानांनी पारावर बसून हे जाहीर केलं. आता पारावर बोललेलं काय आणि दवंडी पिटलेलं काय, सारखंच. संध्याकाळपर्यंत गाव वाट बघू लागलं.

नानांचा नाइलाज होता. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, लेक तान्ह्या पोराला घेऊन भर उन्हात हायवेच्या फाट्यापासून तीन किलोमीटर चालत माहेरी आली आणि तापाने पडली. जावईबापूंनी यंदा कार्ड टाकलं होतं: फाट्यावर गाडी असेल तरच पाठवतो. सालातून एकदा झोका बांधायचा नि लेकच यायची नाही! नानांना घास गोड लागेना.

गाडी घ्यायचीच, पण कोणती? नाना निवृत्त शाळामास्तर, त्यामुळे साध्या पळीचीही ते पारख करून घेत. जुनी स्कूटर बघितली, तर किक मारायला गुडघा तयार नव्हता. पेट्रोलची मोपेड मनात भरली, पण तिला परवाना लागतो, आणि परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना नाना दोनदा धुळ्याच्या धुळीत बसले होते. तिसऱ्यांदा साहेबच हात जोडून म्हणाले, "गुरुजी, सायकल चांगली आहे हो." अशात धुळ्याला बॅटरीवर चालणारी छोटी दुचाकी आल्याचं कळलं. किक नाही, गिअर नाही, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे परवानाही नाही. नानांना वाटलं, ही बाई आपल्यासाठीच जन्माला आली.

"आनि लाईन गई मंग?" नानांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, चुलीपाशी बसूनच विचारलं.

"अगं, तिला काय शेपूट लावून हिंडायचंय? रात्री वीज खायची, दिवसा पळायचं."

तरी एवढी मोठी खरेदी एकट्याने कशी करायची? नानांनी झिपरू आबांना बरोबर घेतलं. आबा म्हणजे बैलबाजारातले नामी दलाल. तीस वर्षं उपरण्याखाली बोटं दाबून सौदे केले आणि एकदाही शब्द फिरवला नाही. आता बैलाचा जाणकार बॅटरीच्या गाडीला कशाला, असं तुम्ही विचाराल. पण आमच्याकडे ज्याला बैल कळतो त्याला सगळंच कळतं, जावई निवडायलासुद्धा त्यालाच नेतात.

दुकानात आबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटवर थाप दिली आणि वाकून पुढचा दिवा न्याहाळला.

"इना दात कोठे शेत?"

दुकानदार सुकदेव, नाशकाहून नवाच आलेला पोरगेला माणूस, चाचरत म्हणाला, "आजोबा, गाडी आहे ही."

"रिकामा बैल कोनाबी पयस. भर टाकीसन देखू."

म्हणजे ओझं लादून पळवून बघायचं. मग नाना पुढे, आबा मागे आणि मध्ये ढेपेचं पोतं अशी वरात पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन आली. गाडीने हूं की चूं केलं नाही. खाली उतरताना नानांचे डोळे पाणावले. त्यांना त्या सीटवर सुनंदा दिसत होती.

भिंतीवर पाटी होती: किंमत बारा हजार. नानांच्या पिशवीत मोजून बाराच होते. ते पिशवी उघडणार तोच आबांनी डोळ्याने दटावलं, खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि हात सुकदेवपुढे केला.

बाजाराची रीत अशी की उपरण्याखाली एक बोट दाबलं म्हणजे एक हजार, पंजा दाबला म्हणजे पाच. तोंडाने आकडा बोलायचा नाही. सुकदेवला यातलं काय ठाऊक? त्याला वाटलं, म्हातारा प्रेमाने हात मिळवतोय. त्याने आबांचा पंजा धरला आणि "आनंद झाला, आनंद झाला, आनंद झाला" म्हणत तीनदा दाबला.

आबांचा चेहरा पडला. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "पंधरा. जमनं."

"अहो आबा, पाटीवर बारा आहेत," नाना किंचाळलेच.

"पाटी काय बी म्हनो. हात खोटं बोलस नही."

सुकदेव गोंधळून म्हणाला, "आजोबा, बाराच द्या." झालं, आबा भडकले. मी मान हलवल्यावर भाव उतरवतो म्हणजे काय? उद्या बाजारात मला कोण उभं करील? पंधरा घे, नाही तर पंच बोलावतो! रस्त्यावरचे दहाजण आत आले. त्यातल्या दोन जाणत्या शेतकऱ्यांनी साक्ष दिली की हात झाला म्हणजे झाला. जास्त पैसे घेत नाही म्हणून दुकानदाराला लोक रागे भरताहेत, हे धुळ्याने प्रथमच बघितलं. शेवटी बिचाऱ्याने पंधरा घेतले.

वरचे तीन आबांनी कनवटीचे काढून दिले. शब्द त्यांचा होता ना! पण बैल भागीत घेतला की जुंपणीचे दिवसही वाटून घ्यायचे, हाही रिवाजच. चार दिवस गाडी नानांची, पाचवा दिवस आबांचा. नानांनी आनंदाच्या भरात मान हलवली. दिवस मोजायचं मास्तरांना सुचलं नाही.

रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार नाना गावभर मिरवले. गुरुवारी सुनंदा यायची, आणि गुरुवारी सकाळी आबा धुतलं धोतर नेसून दारात हजर.

"आज गाडी मनी शे. माले फाटावर ली चाल." आबांना चालवता कुठे येत होती?

नाना त्यांना मागे बसवून निघाले. बस आली, सुनंदा पोराला घेऊन उतरली आणि गाडी बघून हरखून गेली. पण आता माणसं चार. मालकाला कसं उतरवायचं? लेकीला तर पायी चालवायचं नाही!

"नाना, मला येते की चालवायला. यांची मोपेड मीच तर चालवते," सुनंदा म्हणाली. तिने पोराला पुढे उभं केलं, आबा मागे ऐसपैस बसले, आणि गाडी आवाजसुद्धा न करता भुर्रकन निघून गेली.

नाना डोक्यावर लेकीची ट्रंक घेऊन चालू लागले. मागून गावातल्या उखर्डूची बैलगाडी आली.

"नाना, नवी गाडी लिधी म्हने? मंग पायी का बरं?"

नानांनी घाम पुसला. "घेतली ना. पण आज पाचातला आबांचा एक हिस्सा गाडीवर गेलाय, आणि आमचे चार हे असे येताहेत."