धुऱ्यावरची बोलणी

माझे थोरले मामा टीव्हीवरच्या बातम्या उभ्यानं बघतात. जगात कुठेही दोन शेजारी देश तहाला बसले, की मामा खुर्ची सोडतात आणि पडद्याला बजावतात, "लेकायहो, पह्यले सुरक्षा, मंग जमीन." मंत्री ऐकत नाहीत. मामींनी तर ऐकणं कधीच सोडलं आहे.

शेंदूरजनाघाटला मामांची संत्र्याची बाग. शेजारची बाग धाकट्या मामांची. मधे धुरा, म्हणजे बांध, आणि त्याला लागून माणूस आडवा झोपेल एवढी पट्टी. ती कोणाची, यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद. धाकट्यांनी पट्टीत तारेचं कुंपण घातलं. थोरल्यांनी लगेच कुत्रा पाळला.

मध्यस्थ मी. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. दोघंही मनोभावे पडायचे आणि माझं काही ऐकायचे नाहीत.

"त्याले कुंपण काढाले सांग, मंग पट्टी सोडतो," थोरले म्हणायचे.

"त्याले पट्टी सोडाले सांग, मंग कुंपण काढतो," धाकटे म्हणायचे.

दोघंही शब्दाचे पक्के, हीच पंचाईत.

गेल्या हिवाळ्यात धाकटे मामा अंथरुणाला खिळले. मला म्हणाले, "कुंपण काढतो मी. दादाले सांग, एकदा येऊन जाय."

मी जवळजवळ धावतच धुरा ओलांडला. थोरल्यांनी चक्क टीव्ही बंद केला. मग डोळे बारीक करून म्हणाले, "इतक्या लवकर कसा मानला? डाव हाय काईतरी. पह्यले तार निघू दे."

"मामा, त्यांना उठवत नाही."

"आजाराचं सोंग थो शाळेपासून करून राह्यला."

मला त्यांचा इतका राग आला, की मी चहा न घेता निघालो. तो राग अजून गेलेला नाही.

तार निघाली ती धाकट्या मामांच्या तेरवीनंतर. अकोल्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं ती उपटली आणि म्हणाला, "मोठेबाबा, पट्टी तुमी घ्या. मले भांडाचं नाई."

मामा जिंकले. इतका बिनशर्त विजय त्यांच्या टीव्हीवरही कधी कुणाला मिळाला नव्हता. ते चपला काढून पट्टीत उभे राहिले. आता मोजणी करतील, असं मला वाटलं.

"तार परत लाव," ते म्हणाले.

"काहून, मोठेबाबा?"

"तुह्याकडून घेऊन काय करू? मले त्याच्याकडून पाह्यजे होती."

पोरगा जागचा हलेना. मग मामांनी स्वतःच तारेचं भेंडोळं उचललं आणि धाकट्यानं जिथे खांब रोवले होते, तिथेच कुंपण घालायला बसले.