पुंजाजीकाकांची बरणी

मलकापूर स्टेशनाबाहेरच्या गोदामात एखादा म्हातारा मुंडासं बांधून पेटीवर ताठ उभा दिसला, तर तो भाषण करतोय असं समजू नका. भाषणं मी करतो. ते पुंजाजीकाका असतात, आणि त्यांच्या पायाखालच्या पेटीत काचेच्या बांगड्या असतात.

"वाजलं काई?" ते पेटीच्या मालकाला विचारतात.

"नाही काका, पण उतरा आता."

"पुंजाजीच्या हातचं फुटत नाही!" मग उतरतात.

रेल्वेने जाणारा माल बांधून देणं हे त्यांचं काम. खाली कुटार, म्हणजे भुसा, वर कुटार, भोवती बारदान, आणि दाभणाने घातलेली सुतळीची शिवण. गोदामावर पाटी मात्र शेठची, हातभर लाल अक्षरांत. बांधणाऱ्याचं नाव कुठेच नाही! याला लूट म्हणतात, आणि मी ते काकांना तोंडावर सांगितलं. त्यांची नजर माझ्या काखेतल्या पत्रकांवर होती.

"काय लिहलं ते तू जाण. पण गठ्ठा असा बांधतेत काय बे? कोपरे पाह्य, कुत्र्यानं चावल्यावानी."

त्यांनी तो सोडून पुन्हा बांधला. तेव्हापासून आमची पत्रकं तालुकाभर कडक इस्त्रीत जातात. वाचतं कोण, हा प्रश्न वेगळा.

बांधणाऱ्यांच्या मजुरीसाठी आम्ही मोर्चा काढला, तेव्हा काका आले. घोषणा एकही दिली नाही. कचेरीसमोर मी ऐन रंगात आलो असताना मधेच म्हणाले, "थांब बे, झेंडा ढिला हाय," आणि काठीला सुतळी आवळत बसले.

माणसंही ते तशीच पारखतात. शेठबद्दल म्हणतात, "बारदान नवं, आत कुटारच कुटार." माझ्याबद्दल, "माल चांगला हाय, पण लय हालते."

एका गोष्टीवर मात्र त्यांचं तोंड शिवलेलं. ती म्हणजे एकुलती एक मुलगी शांता. तिने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि त्याच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीमागे भिलाईला गेली. वरवट बकाल या त्यांच्या गावच्या भाऊकीने काकांना बजावलं, तिचं नाव काढलं तर पंगतीतलं तुमचं पान बंद. काकांनी ऐकलं!

"हा भेकडपणा आहे, काका," मी म्हणालो. "महाराष्ट्र नवा झाला आणि तुम्ही चार भाऊबंदांच्या पंगतीसाठी पोर टाकली!"

त्यांनी दाभणात सुतळी ओवली. "झालं तुहं? आता हे टोक धर."

यंदा होळीनंतर पार्सल ऑफिसातून मला बोलावणं आलं. माझ्या नावाने भिलाईहून पार्सल! मी म्हटलं, भिलाईत माझं कोणी नाही. बाबू हसला. "दरसाल तिकडे लोणचं पाठवता, आणि कोणी नाही?"

पार्सल खांद्यावर टाकून मी गोदामात शिरलो तोच ओरडत. "काका! माझ्या नावावर लोणचं?"

"मंग कोनाचं नाव टाकू? माह्यं टाकलं असतं तं भाऊकीले समजलं असतं. तुहं तं पह्यलेच बदनाम हाय."

मग त्यांना शिवण दिसली. आडवी-उभी, कोपऱ्याकोपऱ्यावर दुहेरी गाठ. हुबेहूब त्यांची. ती त्यांनी एकाच माणसाला शिकवली होती.

समोर आलेल्या पार्सलावर काका आधी चढतात. यावर चढले नाहीत. चाकूही लावला नाही, एकेक गाठ नखांनी सोडवली. आतून त्यांचीच लोणच्याची बरणी निघाली, काठोकाठ साखरेने भरलेली. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत.

"कुटार भेटलं नसन तिकडं," काका पुटपुटले. "चिंध्या कोंबल्या पोरीनं."

ते चिंध्या काढत गेले. शेवटची मात्र चिंधी नव्हती. ते एक झबलं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, एक बंद तुटलेला. काकांनी ते तळहातावर पसरलं. तळहात पुरला.

"लहान झालं असन," ते म्हणाले. मग तुटलेल्या बंदावरून बोट फिरवत, "म्हंजे चालत असन आता."



त्याच आठवड्यात काका स्टेशनात दिसले. धुतलेलं धोतर, नवं मुंडासं. वरवटचा एक भाऊबंद त्यांना आडवा आला.

"कुठं निंगाले, पुंजाजीभाऊ?"

"पोरीच्या घरी! भिलाईले!" अख्खा फलाट वळून पाहू लागला. माझ्या कुठल्या भाषणाला एवढे लोक वळले नव्हते. भाऊबंद काही बोलणार होता, पण काका गाडीकडे चालू लागले होते.

त्यांच्या छातीशी ती बरणी होती, लिंबाच्या लोणच्याने भरलेली. ना बारदान, ना कुटार. नुसती दोन्ही हातांनी धरलेली.

"काका, एवढं ओझं हातात कशाला? पार्सलात टाकायचं."

मला वेड लागलंय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पार्सलात? फुटन ना बे!"