साळवेबाईंची कच्ची प्रत

साळवेबाईंना लग्नाची पत्रिका दिली, की ती दोन दिवसांत परत येते. लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलेली, आणि खाली बारीक अक्षरात 'तपासले' असं लिहून सही. माझ्या नणंदेच्या पत्रिकेत त्यांनी सात चुका काढल्या होत्या. आठवी शंका समासात लिहिली होती, 'नवरदेवाचे शिक्षण कृपया पुन्हा पडताळावे.' लग्न झालं, आणि जावयाचा शेवटच्या वर्षाचा एक विषय अजून राहिलाय हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत बाईंना कोणी हसत नाही, निदान तोंडावर तरी.

इथं भिंगारमध्येच लष्कराच्या एका कार्यालयात त्या टायपिस्ट होत्या. मूळ प्रत डाव्या हाताला, कोरा कागद समोर, यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. नोकरी संपली, पण पडताळणी संपली नाही. औषधाचं लेबल, एसटीचं तिकीट, नाताळात चर्चमध्ये वाटलेला गाण्यांचा कागद, त्यांच्या हाती काहीही द्या, चष्मा नाकावर आणि बोट ओळीवर. रस्त्यात भेटल्या तर "कशी आहेस" विचारत नाहीत. "पडताळलं का?" विचारतात. काय, ते आपण ठरवायचं.

माझं बाजारात लेझरनं नावं कोरायचं दुकान आहे. ताटं-वाट्या, ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या. बाई आमच्या घराशेजारीच राहतात. एक दिवस सकाळी दहाला आल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. मी त्यांना कामावर ठेवलेलं नाही. त्यांनी मला ठेवलंय, असं माझी गिऱ्हाइकं समजतात. टाइप करायला बसल्या की दुकान हादरतं. ओळ संपली की त्यांचा डावा हात वर जातो आणि जुन्या टाइपरायटरचा दांडा ढकलतो. दांडा आता तिथं नाही. तिथं माझा चहा असतो. दोन कप फुटल्यावर मी चहाची जागा बदलली, कारण हाताची बदलणं शक्य नव्हतं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप बदलणारा मजकूर आहे. नावाची चौकट एकदा आखायची, तिला यादी जोडायची. बटण दाबलं की पहिलं नाव कोरलं जातं आणि चौकटीत दुसरं येऊन बसतं. पुन्हा दाबलं की दुसरं कोरलं जातं, तिसरं येतं. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. तारीख आणि अनुक्रमांकही असेच बदलतात. मला हे वरदान वाटतं. बाईंना नाही.

"मजकूर माणसानं बदलायचा असतो," त्या म्हणाल्या. "तो आपल्या मनानं पुढं जायला लागला, तर खाली सही कोण करणार?"

मी हसले, आणि पुढच्याच आठवड्यात तोंडावर पडले. एका वक्तृत्व स्पर्धेच्या ट्रॉफ्या होत्या. यादीच्या पहिल्या ओळीत रकान्याचं शीर्षक होतं, ते काढायचं मी विसरले. पहिल्या क्रमांकाची झळझळीत ट्रॉफी तयार झाली आणि तिच्यावर नाव आलं, 'स्पर्धकाचे नाव'. ती ट्रॉफी बाईंनी पुसली आणि गिऱ्हाइकांना दिसेल अशी काचेच्या कपाटात ठेवली. वर नियम केला: आधी काळ्या पुठ्ठ्यावर कच्ची प्रत काढायची, ती पडताळायची, मगच खरी वस्तू मशिनखाली ठेवायची. प्रत्येक नावाला.

दिवाळी झाल्यावर पाथर्डीकडच्या एका वसतिगृहाचं काम आलं. आईबाप ऊसतोडीला निघाले की मुली हंगाम संपेपर्यंत तिथं राहतात. साठ मुली, साठ स्टीलची ताटं. वसतिगृह सांभाळणाऱ्या मंदाताई स्वतः ताटं घेऊन आल्या होत्या.

"मागल्या साली नुसते नंबर घातले हुते," त्या म्हणाल्या. "एक बारकी जेवायलाच बसंना. म्हनली, बाई, मी काय सतरा नंबर हाय व्हय? लई रडली. अवंदा नावच घाला. कोमल दोन हायेत, म्हनून गावबी घाला."

हे ऐकल्यावर साळवेबाईंनी यादी माझ्या हातून काढूनच घेतली. 'कोमल, करंजी', 'कोमल, तिसगाव' अशी सगळी यादी त्यांनीच टाइप केली. मंदाताईंशी दोनदा फोनवर बोलून प्रत्येक नाव तपासलं. ताटं न्यायला शनिवारी सकाळी आठला जीप येणार होती, कारण त्याच दुपारी मुली जेवायला बसणार होत्या.

आणि नेमका शुक्रवारी राहुरीला माझ्या भाचीचा साखरपुडा.

"जा तू," बाई म्हणाल्या. "ताट ठेवायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. आमच्या ऑफिसात याहून अवघड चहा करणं होतं."

संध्याकाळी पाचला परत आले. ताटांच्या चळती कागदात बांधून तयार होत्या. बाई खुर्चीत टेकून बसल्या होत्या. आणि टेबलावर काळ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा ढीग होता. तो पाहून मला एकदम आठवलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नव्हती. पुठ्ठा असो की ताट, सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. बटण दाबलं की नाव पुढं सरकतं. मी पुठ्ठ्यावर कच्ची प्रत काढली की यादी हातानं एक ओळ मागं घेते. बाईंनी ते केलेलं नसणार. म्हणजे पहिलं नाव पुठ्ठ्यावर, दुसरं ताटावर. तिसरं पुठ्ठ्यावर, चौथं ताटावर. साठ नावं संपली की पुन्हा पहिलं पुठ्ठ्यावर, दुसरं ताटावर. तीस मुलींना दोन-दोन ताटं, आणि तीस मुलींना एकही नाही. कोरलेलं खोडता येत नाही, आणि सकाळी आठला जीप.

"नावं क्रमानं आली का?" मी विचारलं.

"छे. आधी सम, मग विषम. झेरॉक्सवाला पाठपोट काढतो ना, तसं. मला पद्धत पटली नाही, पण काम बरोबर आहे."

मी कागद फाडले आणि सगळी ताटं जमिनीवर मांडली. मंदाताईंची यादी घेऊन एकेका नावावर खूण करत गेले. कोमल, करंजी होती. कोमल, तिसगावही होती. साठ मुलींची साठ ताटं, एकही दोनदा नाही, एकही गाळलेलं नाही. बाई चष्म्यावरून माझ्याकडं पाहत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा मला पडताळताना पाहिल्यासारख्या.

जीव भांड्यात पडला, पण हिशेब लागेना. हे बरोबर यायलाच नको होतं. मी कॉम्प्युटरवर यादी उघडली. शेवटच्या नावाखाली आणखी एक नाव होतं. यादी साठची नव्हती, एकसष्टची होती. त्या एका जास्तीच्या नावानं सगळं तारलं होतं. एकसष्टावं नाव पुठ्ठ्यावर गेलं, म्हणून पहिलं नाव ताटाच्या वाट्याला आलं, आणि तिथून पुढं राहिलेली सगळी नावं ताटांवर येत गेली.

एकसष्टावी ओळ अशी होती: 'शकू, भिंगार'.

"ही शकू कोण?" मी विचारलं.

बाई चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. मग पिशवीतून एक जुनं ताट काढून माझ्यासमोर धरलं. ते त्यांच्या घरचं होतं, आणि साठ ताटांनंतर पुन्हा आलेलं तेच नाव त्यावर ताजं कोरलेलं होतं.

"मीच," त्या म्हणाल्या. "शकुंतला. ऑफिसात मिस साळवे होते, तुम्हा सगळ्यांची साळवेबाई. शकू म्हणणारी आई होती आणि भाऊ होता. आता कोणी नाही." ताट मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मंदाताईंना हंगामभर मुलींजवळ राहायला कोणीतरी हवंय. अभ्यास घ्यायला, आईबापांशी फोन लावून द्यायला. मी हो म्हटलंय. उद्याच्या जीपनं जाते."

"मला बोलला नाहीत."

"तू नको म्हणाली असतीस." मग त्या ताटावरून बोट फिरवत म्हणाल्या, "घरी मी पातेल्यातच जेवते गं. एका माणसासाठी ताट कशाला घासायचं? तिथं साठ जणींबरोबर बसायचं, तर आपलंही ताट हवं ना."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय. माझ्या चुका काढायला त्या रोज दहाला यायच्या, असं मी धरून चालले होते. त्या जेवतात कशा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. त्या संध्याकाळी मी त्यांना आमच्याकडं जेवायला नेलं, आणि सकाळी आठला जीपमध्ये ताटांच्या चळतींशेजारी बसवून दिलं.

पंधरा दिवसांनी मंदाताईंचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हणाल्या, पण आवाज जरा ओशाळलेला होता.

"ताई, एक सांगायचं हुतं. आमच्या पोरी लई आगाऊ हायेत. ताटावरलं नाव वाचलं, अन् पार आजीच्या वयाच्या बाईला नुसतं शकू म्हनत्यात. शकू, वाढ की. शकू, इकडं बस की. मी दोनदा रागावले."

"मग?"

"मग काय, बाईच माज्यावर रागावल्या. म्हनल्या, म्हनू द्या."

मागून ताटांचा खणखणाट ऐकू येत होता. जेवणाची वेळ झाली होती, आणि एक पोरगी शकूला हाका मारत होती.