न दिसलेल्या शौर्याची पडताळणी

"सर, तुमच्या कोटावर एकही पदक कसं नाही?"

हा प्रश्न नववीतल्या तोफेने विचारला. तोफ हे तिचं शाळेतलं नाव. ती सलग दोन मिनिटं गप्प राहू शकत नाही, असा सर्व विषयांच्या शिक्षकांचा एकमुखी अहवाल होता. "भर सभेत विचारून दाखव, नाहीतर आजपासून तुझं नाव लवंगी," असं मैत्रिणींनी मागच्या बाकावरून डिवचल्यावर ती उठली नसती तरच नवल.

व्यासपीठावर दोन पाहुणे होते. एक तोफेच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे कमांडरआजोबा. युद्धात ते पाणबुडीचे प्रमुख होते आणि त्यांच्या कोटाला बटणांखेरीज काहीही नव्हतं. दुसरे पदक खात्याचे संचालक. ते खुर्चीत नुसते सरकले तरी भांड्यांची मांडणी कलंडल्यासारखा आवाज होई.

"त्याचं असं आहे बाळ," कमांडरआजोबा म्हणाले, "आम्ही समुद्राच्या तळाशी दबा धरून बसलो होतो. शत्रूला एवढंच ठाऊक, की आम्ही कुठेतरी आहोत. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या धास्तीने त्याची जहाजं बंदरातून हललीच नाहीत. या शहरावर एक गोळा पडला नाही. काहीच झालं नाही."

"तिथेच तर घोडं अडलं!" संचालक हळहळले. "नियमाप्रमाणे शौर्याला त्रयस्थ साक्षीदार लागतो. शिवाय काहीतरी व्हावं लागतं."

"मग तुम्हाला कशाबद्दल मिळालं?" हा प्रश्न पैजेत नव्हता. तोफेचा दुसरा बार आपोआप उडाला.

"किनाऱ्यावरून शत्रूच्या दिशेने तोफा डागल्याबद्दल."

"लागल्या कुणाला?"

"आवाज फार लांबवर गेला. साक्षीदार रग्गड."

सभागृहात प्रचंड टाळ्या पडल्या. त्या आपल्यालाच आहेत असं वाटून संचालकांनी जागच्या जागी कमांडरांचं प्रकरण पुन्हा उघडल्याचं जाहीर केलं. नियम एवढाच होता, की उघडलेल्या प्रकरणात शौर्य सिद्ध झालं नाही, तर चौकातल्या वीरांच्या फलकावरून नाव खरवडून काढण्यात येईल.

तोफेच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी ती तळमजल्यावर गेली.

"आजोबा, मी कशाला तोंड उघडलं हो? आता तुमचं नावही जाणार."

"अगं, जाईना का! माझ्या खलाशांची नावं माझ्या खाली आहेत. वरचं काढलं की ती पण काढतील, तेवढं मात्र मला चालणार नाही."

मग समिती नेमली गेली. शौर्य तपासायचं तर ते पुन्हा करून दाखवायला हवं, असं समितीचं मत पडलं. मूळ पाणबुडी उपलब्ध होती. पण तिचं संग्रहालय झालं होतं आणि आत उजेड यावा म्हणून तिला ऐसपैस खिडक्या पाडल्या होत्या. सबब प्रात्यक्षिक शहराच्या जलतरण तलावात घेण्याचं ठरलं. उमेदवाराने पाण्यात उतरून अदृश्य व्हायचं होतं. समितीला तो दिसला तर तो नापास. दिसला नाही तर साक्षीदार नाही, म्हणूनही नापास. पद्धत निःपक्षपाती असल्याबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन केलं.

ठरल्या दिवशी कमांडरआजोबा आखूड चड्डी आणि रबरी टोपी घालून आले. टॉवेल धरायला शाळेने तोफेला पाठवलं होतं. आजोबा शिडीवरून पाण्यात उतरले. समितीने दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, सगळ्यांनी जरा इकडे बघा."

सगळ्यांनी इकडे बघितलं. पोटं आत घेतली, पदकं सरळ केली. "आणखी एक, हसून," असं तो म्हणेपर्यंत कमांडरआजोबा मागच्या शिडीने वर आले, तोफेच्या हातातला टॉवेल घेतला, ओठांवर बोट ठेवलं आणि कपडे बदलायच्या खोलीकडे चालते झाले.

समिती पुन्हा तलावाकडे वळली. आजवर पदकं मागणाऱ्या प्रत्येकाला समितीने पाण्यात पाहिलं होतं, पण असं अक्षरशः प्रथमच. पाणी संथ होतं. बुडबुडाही नव्हता.

"फारच चांगले लपलेत," एक सदस्य म्हणाला.

"फारच वेळ झाला," दुसरा म्हणाला.

मग धावाधाव झाली. तलावाचं पाणी सोडण्यात आलं. तळाशी एक रबरी टोपी आणि कुणाच्या तरी कानातलं सापडलं. संचालक घाम पुसत तोफेकडे आले.

"मुली, तू इथेच होतीस ना? ते गेले कुठे? तू पाहिलंस?"

तोफेच्या जिभेवर अख्खी हकिगत येऊन उभी राहिली. पाहिलं म्हणावं, तर ते दिसले. नाही म्हणावं, तर साक्षीदार गेला. दोन्हीकडून नाव खरवडलं जाणार. खिडकीतून तिला रस्त्यापलीकडच्या खाणावळीत चहा फुंकणारे आजोबा दिसत होते. तोफेने ओठ घट्ट मिटले आणि ती गप्प राहिली. दोन मिनिटं, पाच मिनिटं, समिती थकेपर्यंत.

साक्ष मिळेना, तेव्हा निकाल लागला: "शौर्य आढळले नाही, मात्र शौर्य नव्हते असेही आढळले नाही." खरवडणं स्थगित झालं. कमांडरांचं नाव फलकावर राहिलं, त्याखाली खलाशांचीही. फक्त पुढे कंसात 'तात्पुरते' असं रंगवलं गेलं. प्रतिकूल परिस्थितीत रिकाम्या पाण्याकडे अविचल नजर ठेवल्याबद्दल समितीच्या सर्व सदस्यांना पदकं मिळाली.

त्यांचा फोटो वर्तमानपत्रात आला. कडेला तोफेचा कोपर होता. बाबांनी तो चौकट करून बैठकीत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोपर दाखवू लागले.

"ओळख झाली आहे, तर पुढे पदक खात्यातच चिकटून जा," ते म्हणाले. "बसल्या जागी छाती भरते."

"नाही बाबा. माझं ठरलं. मी पाणबुडीत जाणार."

"तू?" आईच्या हातातलं फडकं थांबलं. "तुला गप्प बसवतं का घटकाभर?"

"बसवतं. परवाच बसले होते, कुणाला कळलंसुद्धा नाही."

"अगं पण तिथे तुला बघणार कोण?" बाबा कळवळले. "उद्या पदक नाही मिळालं, तर लोकांना आम्ही दाखवायचं काय?"

"बाबा, तुम्ही जिवंत असाल ना तेव्हा? आई असेल, शेजारी असतील, टाळ्या वाजवणारे सगळेच असतील." तोफेने भिंतीवरचा आपला कोपर खाली उतरवला. "मग तेच दाखवा."